आला म्हणा

"हो की! आमचे हे नेहमी असेच घोरतात," कँटीनच्या मावशींनी फोनमध्ये ठणकावून सांगितलं, आणि काचेपलीकडे बसलेले सगळे खो-खो हसत सुटले.

मावशींना हसण्याचं कारण कळेना. त्यांच्यासमोर सतरंजीवर रबराचा पुतळा उताणा पडला होता. शिकाऊ मंडळी त्याला लाडाने 'मामा' म्हणत. मामाच्या घशात बसवलेल्या छोट्या स्पीकरमधून मधूनमधून घर्रर्र असा आवाज येत होता. मावशींना एवढंच सांगितलं होतं, की हे तुमचे यजमान आहेत असं समजा, हाक मारली तर उठत नाहीत, अँब्युलन्सला फोन लावा. शेजारच्या खोलीत तो फोन घ्यायला नऊ नंबर बसली होती. अँब्युलन्सचे फोन घेणाऱ्यांना या इमारतीत टेबलाच्या नंबरानेच हाक मारत, आणि नऊ नंबर ही त्यातली सगळ्यांत शांत मुलगी. फोनवर काय विचारायचं ते लिहिलेल्या नव्या कार्डावरचा प्रश्न तिने अक्षर न चुकवता विचारला होता: "ते नेहमीसारखा श्वास घेतायत का?"

"तीन मिनिटं बारा सेकंद," भोंग्याने स्टॉपवॉच दाबलं. भोंगा म्हणजे इथला शिक्षक. वीस वर्षं अँब्युलन्सवर काढलेली. सायरन बिघडला की ह्यालाच खिडकीतून ओरडायला बसवायचे, असं त्याच्याबद्दल सांगत. "तीन मिनिटं बारा, आणि छातीला अजून कुणी हात लावलेला नाही. मामा गेले."

"जुन्या कार्डाला किती लागले होते?" साहेबांनी विचारलं. नियंत्रण कक्ष त्यांच्या ताब्यात होता, आणि कार्डावर सही त्यांची लागायची.

"दोन चाळीस."

"म्हणजे एवढा शहाणपणा करून आपण बत्तीस सेकंद वाढवले." साहेब उठले. "डॉक्टर, उद्या सकाळी चोवीस जणांची नवी तुकडी शिकायला येतेय. त्यांच्या हातात एक कार्ड द्यायचंय मला. पाच वाजेपर्यंत काय ते दाखवा. दीड मिनिटाच्या आत छातीला हात लागला पाहिजे, आणि तीन फेऱ्यांत तीनही वेळा. नाहीतर जुनंच छापायला जाईल, आणि मग दोन वर्षं कुणी माझ्याकडे यायचं नाही."

या सगळ्यात एकटीच हसली नव्हती ती कोपऱ्यातली बाई. 'नेहमीसारखा' हा शब्द तिचा होता.

ती या लोकांतली नव्हती. सतरा वर्षं ती शब्दकोशाच्या कचेरीत शब्दांचे अर्थ लावत बसली होती, म्हणून भोंग्याने पहिल्याच दिवशी तिचं बारसं 'कोशबाई' असं करून टाकलं होतं. डॉक्टरांनी कचेरीला पत्र पाठवलं होतं: लोक घाबरल्यावर कुठले शब्द वापरतात, हे ऐकून सांगणारं माणूस हवं आहे. कचेरीत सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तिने हात वर केला.

डॉक्टर म्हणजे एक उंच, घाईत चालणाऱ्या बाई. चहा नेहमी अर्धा टाकून उठायच्या. त्यांनी तिला तीनशे चाळीस फोनांचं ध्वनिमुद्रण ऐकायला दिलं होतं. सगळ्या फोनांत गोष्ट एकच. माणसाचं हृदय बंद पडलेलं, आणि फोन करणाऱ्या घरच्यांना ते कळलेलं नाही.

"हृदय थांबलं तरी काही मिनिटं शरीर आचके देतं," डॉक्टरांनी समजावलं होतं. "घशातून आवाज येतो. तो श्वास नव्हे, श्वासाची नक्कल. पण आपली माणसं विचारतात, 'श्वास चालू आहे का?' आणि घरचे म्हणतात, 'हो, चालू आहे.' झालं! आपण म्हणतो, अँब्युलन्स येतेय, लक्ष ठेवा. आणि ते बिचारे आठ मिनिटं नुसतं लक्ष ठेवतात. त्या आठ मिनिटांत कुणी छाती दाबली असती ना, तर कितीतरी जण घरी परत गेले असते."

मग तिने शब्द मोजले होते. 'घोरतायत' एकसष्ट वेळा. 'घरघर होतेय' चव्वेचाळीस वेळा. 'उसासे टाकतायत', 'उचक्या लागल्यात', 'धाप लागलीय', आणि एका सुनेचं 'सासूबाई गुरगुरतायत माझ्यावर'. या यादीवरून चार दिवस खपून तिने तो एक शब्द काढला होता: नेहमीसारखा. आणि मावशींनी दोन सेकंदांत त्याचा भुगा केला.

"अहो, पण ते खरंच घोरतात नेहमी," मावशी तिच्याजवळ येऊन दिलगिरीने म्हणाल्या. "मी खोटं कशाला सांगू?"

"तुमचं काहीच चुकलं नाही," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

आणि हे वाक्य तोंडातून निघाल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण चौदा महिने कुणाला तरी म्हणू बघतोय.

चौदा महिन्यांपूर्वी, दुपारच्या जेवणानंतर, बाबा आरामखुर्चीत घोरत होते. बाबा घोरायचेच. घरात त्यावर चाळीस वर्षं विनोद होऊन गेले होते. आईने दोनदा हाक मारली, खांदा हलवला, मग तिसऱ्यांदा तिचा सूर बदलला. फोन मात्र लेकीने लावला. श्वास चालू आहे का, असं पलीकडून विचारलं गेलं, आणि ती म्हणाली, "हो, घोरतायत." कोशाच्या 'घ'च्या पानांची मुद्रितं तिनेच तपासली होती. 'घरघर' आणि 'घोरणे' या दोन नोंदींमध्ये एकोणीस पानांचं अंतर होतं. दोन्हींचे अर्थ तिला तोंडपाठ होते.

तीनशे चाळीस फोनांपैकी तिने तीनशे एकोणचाळीस ऐकले होते. मुद्रणांवर नावं नव्हती, फक्त क्रमांक आणि तारीख. दोनशे बारा क्रमांकाची तारीख बघून ती चहा प्यायला उठली होती, आणि परत येऊन दोनशे तेरापासून सुरू केलं होतं. दोनशे बारासमोर वहीत एक आडवी रेघ होती.

"कोशबाई, डोकं चालवा," भोंगा दारातून गरजला. "पावणेबारा झाले!"

ती, डॉक्टर, भोंगा आणि नऊ नंबर, असे चौघे ऐकण्याच्या खोलीत जाऊन बसले. फळा शब्दांनी भरला आणि पुसला. 'नीट' श्वास? नीट म्हणजे काय! 'सलग'? कोण बोलतं असं फोनवर! भोंग्याने 'छाती भात्यासारखी हलते का' असं सुचवलं, त्यावर नऊ नंबर म्हणाली, "भाता काय असतो, सर?" आणि भोंग्याने कपाळाला हात लावला.

"आपण शब्द बदलतोय," डॉक्टर येरझाऱ्या घालत म्हणाल्या, "पण प्रश्न तसाच ठेवतोय. आपण त्यांना मत विचारतोय. घाबरलेल्या माणसाला मत विचारलं, की तो आशेने उत्तर देतो. काहीतरी असं हवं की त्याला ठरवावंच लागू नये. त्याने नुसतं सांगावं, आणि ठरवायचं आपण." त्या वळल्या. "तुम्ही सगळे फोन ऐकलेत. स्वतःहून असं कुणी केलंय? कुणी मोजलंय, काही म्हटलंय?"

"तीनशे एकोणचाळीसांत नाही," ती म्हणाली.

"आणि एक?"

तिने वहीतल्या आडव्या रेघेवर बोट ठेवलं.

"दोनशे बारा माझा आहे," ती म्हणाली. "म्हणजे, तो फोन मी केला होता. माझे बाबा."

डॉक्टर मटकन बसल्या. "अहो, मग सांगायचं नाहीत का? मी तुम्हाला हे काम कधीच—"

"म्हणूनच नाही सांगितलं." तिने वही बंद केली. "लावा. परवानगी घरच्यांची लागते ना? घरची मीच आहे."

भोंग्याने पहिल्यांदाच हळू आवाजात विचारलं, "बाहेर थांबता का?"

"नाही. तुम्हाला शब्द कोण सांगणार?"

मुद्रण सुरू झालं. तिचा स्वतःचा आवाज आला, अगदी शहाण्यासारखा, पत्ता नीट सांगणारा. मग पलीकडचा आवाज: "श्वास चालू आहे का त्यांचा?" तो ऐकताच नऊ नंबरने मान वर केली.

"ही मी आहे," नऊ नंबर पुटपुटली. "बाई, हा माझा आवाज आहे."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. तू मला 'पाणी हवंय का' विचारलंस तेव्हा."

"मग तुम्ही बोलला नाहीत काहीच?"

"तू कार्डावरचंच विचारत होतीस," ती म्हणाली. "मीच चुकीचं उत्तर दिलं. आपण दोघींनीही नियमाप्रमाणेच केलं. ऐक आता, शांत बस."

ऐकण्यासारखं फार नव्हतं. अँब्युलन्स निघाली आहे. दार उघडून ठेवा. लक्ष ठेवा. मागे पंखा, लांब कुठेतरी कुणाचा तरी रेडिओ. आणि त्याच्याही मागे, अगदी बारीक, आईचा आवाज.

"थांब," ती म्हणाली. "मागे घे. मागचा आवाज वाढव."

भोंग्याने बटणं फिरवली. पंखा घोंघावत वर आला आणि त्यातून आई स्पष्ट ऐकू आली.

"आला गं." मग नुसता पंखा. "आला." पुन्हा पंखा. रेडिओवर कुणीतरी हसलं. "आला… आला गं, आला."

तिला ती दुपार आठवली. आईने बाबांच्या छातीवर तळवा ठेवला होता आणि श्वास आला की सांगत होती. त्या वेळी तिला तो शब्द म्हणजे केवढा धीर वाटला होता!

"घड्याळ," ती म्हणाली. खुर्ची कधी मागे पडली ते तिला कळलं नाही. ती उभी होती. "भोंगा, स्टॉपवॉच लाव. एका 'आला'पासून दुसऱ्या 'आला'पर्यंत. लाव ना लवकर!"

तिने त्याला तोंडावर 'भोंगा' म्हटलं, याकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही.

"नऊ सेकंद," भोंगा म्हणाला. "आता… अकरा. आता…" त्याचा अंगठा बटणावर थांबून राहिला. पंखा फिरत होता. चौघांपैकी कुणीही श्वास घेत नव्हतं. "चौदा."

"निरोगी माणूस चौदा सेकंदांत तीन-चार श्वास घेतो," डॉक्टर म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज एकदम चढला. "अहो, हेच! हेच तर! शब्दात काहीच नाहीये, शब्दांच्या मधे आहे सगळं! त्यांना काही ठरवायचंच नाही. छातीवर हात ठेवा आणि श्वास आला की 'आला' म्हणा. आणि आपण मनात मोजायचं!"

"आठपर्यंत," नऊ नंबर म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि तरी ती भराभर लिहीत होती. "आठच्या आत दुसरा 'आला' नाही आला, तर लगेच छाती दाबायला सांगायचं. डॉक्टर, आठ चालेल?"

"आज आठ धरू. आकडा पुढे तपासू, तीस दिवस तपासू, पण आज आठ!"

कोशबाई फळ्यासमोर उभी होती. खडूने तिने मोठ्या अक्षरांत दोन शब्द लिहिले: आला म्हणा. तिला इतका आनंद झाला होता, की त्याची लाजच वाटली. आत्ताच बाबांचे शेवटचे श्वास ऐकले होते आणि तिला हसू आवरत नव्हतं. पण लाज वाटायला वेळ नव्हता. सव्वादोन वाजले होते.

साडेतीनला साहेब आले. फळा वाचून त्यांनी चष्मा काढला.

"आला म्हणजे काय आला?"

"श्वास."

"आणि माणूस गोंधळला तर? अँब्युलन्सची वाट बघत असतो तो. त्याला वाटेल, अँब्युलन्स दिसली की सांगायचंय."

"तो 'आली' म्हणेल," ती म्हणाली. "अँब्युलन्स आली, श्वास आला. कितीही घाबरला तरी माणसाचं व्याकरण घाबरत नाही."

साहेबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "हे कुठल्या अभ्यासात आहे?"

"तीनशे चाळीस फोनांत," ती म्हणाली. "एकानेही अँब्युलन्सला 'आला' म्हटलेलं नाही."

पहिला मान फाटकावरच्या रखवालदाराला मिळाला. त्याने टोपी काढून ठेवली आणि मामासमोर गुडघे टेकले. नऊ नंबरने पत्ता घेतला, उठतात का विचारलं, आणि म्हणाली, "त्यांच्या छातीवर तळवा ठेवा. श्वास आला की मला 'आला' म्हणा." मामाने घर्रर्र केलं. "आला!" रखवालदार ओरडला. मग शांतता. रखवालदाराने मामाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं. "येत नाहीये हो," तो आपणहून म्हणाला, आणि त्याच क्षणी नऊ नंबर म्हणाली, "आता दोन्ही हात छातीच्या मधोमध, आणि जोरात दाबा."

"त्रेसष्ट सेकंद!" भोंग्याने इतक्या जोरात आरोळी दिली, की खालच्या मजल्यावरून कुणीतरी 'काय झालं' म्हणून विचारायला आलं. जो विचारायला आला, तो टपाल वाटणारा, त्यालाच दुसऱ्या फेरीला बसवलं. अठ्ठावन्न.

"तिसरा कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला बसवा," मावशी म्हणाल्या. "मघाशी माझ्यामुळे नाचक्की झाली."

"तुम्हाला आता सगळं ठाऊक झालंय, मावशी. ज्याला ठाऊक नाही असं कुणीतरी हवं."

"इथे आता सगळ्यांनाच ठाऊक आहे," साहेब म्हणाले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ सैल केलं. "पण विश्वास बसलेला नाही असा एकजण आहे. चला."

ते अवघडून सतरंजीवर बसले. फोन लावला. पत्ता सांगताना ते साहेबच होते, कडक आणि तुटक. तळवा मामाच्या छातीवर ठेवला. "आला," ते म्हणाले, सही करताना म्हणावं तसं. मग काहीच नाही. एक, दोन, तीन. काचेपलीकडून तिला त्यांचा चेहरा दिसत होता. पाचव्या सेकंदाला तो बदलला. रबराच्या पुतळ्यावर हात ठेवून बसलेल्या त्या माणसाने मान खाली नेली, कान मामाच्या तोंडाजवळ धरला, आणि कुणीही न सांगता दुसरा हात पहिल्यावर ठेवला.

"अहो, सांगा ना काहीतरी!" ते फोनमध्ये ओरडले.

"दाबा," नऊ नंबर म्हणाली. "जोरात. मी मोजते तुमच्याबरोबर."

बावन्न सेकंद. पण साहेब थांबले नाहीत. भोंग्याने खांद्याला हात लावेपर्यंत ते दाबतच राहिले. उठले तेव्हा कपाळावर घाम होता आणि शर्ट पँटबाहेर आला होता.

"पाचला अजून बराच वेळ आहे," ते म्हणाले. "कागद कुठाय?"

सही झाली. एक टेबल, तीस दिवस, खऱ्या फोनांवर, आणि उद्याची तुकडी नव्या कार्डावर शिकणार. भोंग्याने मामाला उचलून दोन गिरक्या मारल्या. मावशींनी सगळ्यांना चहा दिला, आणि डॉक्टरांनी त्या दिवशी पहिल्यांदा कप तळापर्यंत रिकामा केला.

ती घरी आली तेव्हा आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. तिने सगळं सांगितलं. आधी भराभर, मावशींच्या नकला करत, मग दोनशे बारापाशी येऊन हळूहळू. आईचे हात घडीवर थांबले.

"मी असं म्हणत होते?"

"आठवत नाही तुला?"

"छे." आईने चादरीचं एक टोक तिच्या हातात दिलं. दोघींनी ती ताणली, दुमडली. "म्हणजे म्हणत असेन. तू फोनवर होतीस ना, पाठमोरी. तुला कळावं म्हणून म्हणत असेन." मग चादर शेल्फवर ठेवता ठेवता, पाठ फिरवूनच आई म्हणाली, "तुझं चुकलं असं तू आतापर्यंत समजत होतीस होय? वेडीच आहेस. मला विचारायचंस तरी."

तिने उश्यांचे अभ्रे घड्या घालायला घेतले.

बाराव्या दिवशी, दुपारी चारच्या सुमाराला, फोन वाजला. पलीकडून भोंगा इतका ओरडत होता, की तिने फोन कानापासून हातभर लांब धरला, आणि आईलाही सगळं ऐकू आलं.

"कोशबाई! सकाळी फोन आला होता, नऊ नंबरलाच! एक शिंपी, बावन्न वर्षांचा, मशीनवर बसल्या बसल्या कोसळला. बायको म्हणते, घोरतोय! ऐकताय ना? घोरतोय! नऊ नंबरने 'आला म्हणा' म्हटलं, दोन 'आला' झाले आणि तिसरा आलाच नाही. बायकोने छाती दाबली हो! गाडी पोचेपर्यंत सात मिनिटं दाबत होती! आपल्या पोरांनी यंत्राचा झटका दिला, आणि पहिल्याच झटक्याला—"

"मग?" तिने विचारलं. "मग काय?"

"मग काय विचारता! आत्ता भेटून आलो. उठून बसलाय खाटेवर. बरगड्या दुखतायत म्हणून बायकोवर खेकसतोय, एवढ्या जोरात कशाला दाबलंस म्हणून!"

मागून नऊ नंबरचा आवाज आला. ती हसत होती की रडत होती, ते भोंग्याच्या आवाजात कळेना. कोशबाईने फोन ठेवला. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, पदराला हात पुसत.

"बोलतोय म्हणजे तो? शुद्धीत आहे?"

"बोलतोय काय, भांडतोय!"

आईने बाबांच्या खुर्चीकडे पाहिलं. मग ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं.

"आता घोरायची सोय राहिली नाही बिचाऱ्याची," आई म्हणाली. "जरा आवाज झाला, की ती बसणार छातीवर हात ठेवून."

दोघी हसायला लागल्या. हसता हसता आई येऊन आरामखुर्चीतच बसली. चौदा महिन्यांत त्या खुर्चीवर कुणी बसलं नव्हतं. आणि डोळे पुसत तिने विचारलं, "नाव काय गं त्या शिंप्याच्या बायकोचं? भेटायला जाऊ या की आपण."